भावकूचा डोंगर आणि ब्राझीलचं जंगल

कडोली गावाच्या पलीकडच्या डोंगरावर दिसणारं अकेशियाचं जंगल आपण वाढवलं, असं भावकू येईल त्याला सांगायचा. त्यात खोटं काही नव्हतं. फॉरेस्ट खात्यात रोजंदारीवर वॉचर म्हणून त्यानं उमेदीची सगळी वर्षं त्या उघड्या माळावर घातली. खड्डे काढले, रोपं लावली, उन्हाळ्यात वणवे विझवले. खात्यानं त्याला कायम काही केलं नाही, पण जंगलाचा अभिमान त्याला साहेबांपेक्षा कणभर जास्तच.

या अभिमानापायी सख्खी बहीण दुरावली, हे मात्र तो सांगत नसे. रुक्माबाई त्याच्याहून मोठी, गावातच वरच्या आळीत दिलेली. तिच्या तीन गाई होत्या आणि डोंगर हेच त्यांचं कुरण. लागवडीबरोबर चराईबंदी आली. भावकूनं बहिणीला समजावून पाहिलं. शेवटी, ऐन बेंदराच्या, गुराढोरांच्या सणाच्या, आदल्या दिवशी, रोपांत घुसल्या म्हणून तिच्या गाई त्यानं सरळ कोंडवाड्यात घातल्या. साहेबांनी शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी गावभर जनावरांची शिंगं रंगवली जात होती आणि रुक्माबाईचा गोठा रिकामा. तिनं नुसते मातीचे बैल पुजले. पुढं गाई विकल्या आणि भावाला भाऊबीजेचं बोलावणं बंद केलं. रस्त्यात भेटली तर बोलायची, पण घरी ये म्हणायची नाही.

म्हातारपणी भावकूला हे फार सलायला लागलं. पण माफी मागायची तर आपलं काम चुकलं असं कबूल करावं लागणार, आणि तिथंच त्याचं घोडं अडायचं.

यंदा रुक्माबाईची नात दिपाली त्याच्याकडं आली. ती बेळगावला भूगोलात एम. ए. करते. भारत आणि ब्राझील या दोन देशांतल्या जंगलात तीस वर्षांत काय फरक पडला, हा तिचा प्रोजेक्ट, आणि त्यासाठी तिला गावच्या डोंगराची माहिती हवी होती. तिनं मोबाइलवर ग्राफ दाखवला. ब्राझीलची रेघ खाली उतरत गेलेली, आपली हळूहळू वर चढलेली. ब्राझीलचं उरलेलं जंगलसुद्धा आपल्या सहा-सात पट आहे, शिवाय आपल्या आकड्यात अशी लागवडही धरतात, हेही तिनं सांगितलं. ते भावकूनं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. आपली रेघ वर गेली आणि त्या रेघेत आपला डोंगर आहे, एवढं त्याला पुरलं. हे बघितल्यावर आक्का राग सोडेल, अशी त्याची खात्रीच झाली.

भाऊबीजेला तो दिपालीला पुढं घालून, बोलावणं नसताना गेला. रुक्माबाईनं बस म्हटलं. दिपालीनं दोन्ही रेघा समजावून सांगितल्या. रुक्माबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"तिकडं एवढं जंगल कशापायी तोडलं गं?" तिनं नातीला विचारलं.

"गाईंसाठी, आज्जी. जास्त करून कुरणं करायलाच तोडलं. एकेका मालकाच्या हजारांनी गाई असत्यात तिथं."

रुक्माबाई मोबाइलकडं बघत राहिली. भावकूला वाटलं, आता म्हणेल, बरं केलंस.

"तिकडं हजार गाईंस्नी कुणी आडवलं न्हाय," ती म्हणाली. "माझ्या तीनच हुत्या रं भावकू. आन् आडवाय सख्खा भाऊ हुता."

कायदा, साहेब, रोपं, सगळं भावकूच्या ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"चुकलं आक्का," तो म्हणाला. "सणाला तरी गाई सोडाय पायजे हुत्या."

रुक्माबाई उठून आत गेली. ओवाळायचं तबक काही तिनं आणलं नाही. चहा आणला.

"पाकिटाच्या दुधाचा हाय," ती म्हणाली. "घे."

भावकूनं कप घेतला, पण तिच्याकडं वर बघायचा धीर त्याला झाला नाही.