कूलरच्या टबातले मासे

सुंदररावांनी केबिनच्या दारातूनच सांगितलं, "सरूबाई, ही काचपेटी उद्यापासून रिकामी पायजे. लोकं घोटभर पाण्यासाठी भांडायलेत, आन् आपल्या पतसंस्थेत मासे पोहायलेत. बरं दिसत न्हाई ते."

"आन् मासे, साहेब?"

"टाक की नालीत. त्यात काय इचारायचं?"

साल दोन हजार तेरा, जानेवारीचा महिना. मागच्या पावसाळ्यानं पाटोद्याला पार कोरडं ठेवलं होतं. विहिरींचे तळ दिसत होते, बोअर गुरगुरून गप्प होत होते आणि गावाबाहेरच्या माळावर जनावरांच्या चारा छावणीसाठी खांब रोवले जात होते. अशा दिवसांत चेअरमन साहेबांचं म्हणणं चुकीचं होतं असं कुणी म्हणालं नसतं. सरूबाईही म्हणाली नाही. ती अकरा वर्षं तिथं शिपाई होती. झाडलोट, चहा, कागदं या टेबलावरून त्या टेबलावर, आणि दर शनिवारी काचपेटी धुणं. पेटी कुणीतरी वास्तूसाठी चांगली म्हणून आणवली होती; आणल्यापासून तिच्याकडं बघितलं ते एकट्या सरूबाईनं. तिचा हात काचेजवळ आला की मासे सगळे एका बाजूला गोळा व्हायचे. इतकी वर्षं जे आपल्या हातचं खातंय, ते आपल्याच हातानं नालीत टाकायचं, हे तिला जमणार नव्हतं.

"नालीत न्हाई टाकत साहेब. घरी नेते."

"ने. पण पेटी संस्थेची हाय. पंप बी. तेवढं ठिव."

नऊ गप्पी आणि दोन गोल्डफिश दुधाच्या किटलीत घालून सरूबाई संध्याकाळी चालत भीमनगरात आली. सासू, भिमाबाई, उंबऱ्यात बसली होती. तिनं किटलीत डोकावून बघितलं.

"ह्यास्नी खायचंय, का खाऊ घालायचंय?"

"खाऊ घालायचंय, आत्याबाई."

"बरं," म्हातारी म्हणाली. "एवढ्या बारक्यात चव तरी कशाची असनार."

ठेवायचं कशात, हा पहिला प्रश्न होता. घरात हंडे, घागरी, एक टिपाड. सगळं पाण्याचं, आणि पाणी मोजकं. मग सरूबाईची नजर कोपऱ्यातल्या कूलरवर गेली. मुलगा, भारत, पुण्याला कंपनीत होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यानं तो आईला घेऊन दिला होता. आता त्यात ओतायला पाणी कुठलं? तिनं स्क्रू काढले आणि खालचा प्लास्टिकचा टब मोकळा केला. पसरट, उथळ, ऐसपैस. टँकरचं पाणी त्यात ओतलं, मासे सोडले, आणि समाधानानं चूल पेटवली.

सकाळी चार गप्पी पोट वर करून तरंगत होते.

तिनं टबाशी उकिडवं बसून ते एकेक करून बाहेर काढले. नालीत टाकले असते तरी हेच झालं असतं, असं एकदा मनात आलं. पण मग घरी आणून काय केलं आपण? रविवारी तिनं एसटी पकडली आणि बीडला माशांच्या दुकानात गेली.

दुकानदाराचं नाव बंकट. त्यानं एका दमात पंप, फिल्टर, औषधाची बाटली, खाऊची दोन पाकिटं, खाली पसरायचे रंगीत खडे, सगळं काउंटरवर मांडलं. सरूबाईनं कशालाच हात लावला नाही.

"भाऊ, मला इकत काय बी घ्यायचं न्हाई. खोटं बोलून तुमचा वेळ खात न्हाई. एवढंच सांगा, मासा मरतो कशानं?"

बंकट हसला. "मावशी, ह्ये गिऱ्हाइकाला सांगितलं तर दुकान चालंल का?"

पण दुष्काळात गिऱ्हाईक होतं कुठं? त्यानं तिला स्टूल दिलं आणि सांगत बसला. मासा मरतो तीन गोष्टींनी. टँकरच्या पाण्यात जंतू मारायला टाकतात त्या पावडरीनं, पोटापेक्षा जास्त खाऊ घातल्यानं, आणि दाटीनं. पाणी दोन दिवस उघड्या घमेल्यात उन्हात ठेवलं की पावडरीचा जोर जातो. खाऊ घालायचा तो चिमटीभर, तोही एक वेळ. भांडं पसरट असेल आणि मासे थोडे असतील, तर गप्पीला पंप लागत नाही.

"आन् गोल्डफिशला?"

"त्याला लागतो. लई खादाड जात. घाण बी तेवढीच करती. तुमच्या टबात ते बाकीच्यास्नी बी मारतील."

पुढच्या रविवारी सरूबाईनं दोन्ही गोल्डफिश किटलीत घातले आणि बंकटच्या स्वाधीन केले. चार वर्षं सांभाळलेले होते. बंकटनं त्यांना मोठ्या पेटीत सोडलं, तेव्हा ते खालपर्यंत गेले आणि फिरून काचेशी आले. सरूबाईनं तेवढं बघितलं आणि पाठ फिरवली. बदल्यात बंकटनं तिला पोटुशा दोन गप्पी माद्या दिल्या आणि एक बारीक जाळी.

तिथून पुढं तिनं टबाचा कारभार असा बसवला की त्याला पैसा म्हणून लागायचा नाही. टब लिंबाच्या सावलीत, वर ओलं गोणपाट. रोज दोन तांबे पाणी काढायचं, दोन तांबे उन्हात मुरलेलं घालायचं. काढलेलं पाणी दारच्या कढीपत्त्याला. घालायचं पाणी तिच्या स्वतःच्या आंघोळीच्या वाट्यातलं. ती आता दिवसाआड आंघोळ करायची आणि मधल्या दिवशी ओल्या फडक्यानं अंग पुसायची. खाऊ म्हणजे उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग, सुकवून चुरलेला. एक अंडं आठवडाभर पुरायचं, पांढरा भाग भिमाबाईला.

शेजारच्या दगडाबाईला हे सोसेना. भीमनगरात टँकर सगळ्या गावाला पाणी देऊन शेवटी यायचा, पाइपातून निम्मी हवाच. त्या रांगेतच तिनं तोंड सोडलं.

"हितं लेकरांच्या घशाला कोरड, आन् हिच्या घरी मासे! लाज कावून वाटत न्हाई गं तुला?"

रांगेतल्या बायका सरूबाईकडं बघू लागल्या. सरूबाईनं हंडा खाली ठेवला.

"दगडाबाई, मी तुमच्यापेक्षा एक तांब्या जास्त भरला तर माझा हंडा उपडा करा. ह्यो टब माझ्या आंगोळीवर चालतोय. रोज सकाळी येऊन बघा, मी दार लावत न्हाई."

दगडाबाई खरंच आली. तीन दिवस ओळीनं आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, तांबे मोजले आणि गेली. चौथ्या दिवशी आली नाही. बोलणं मात्र तिनं बंद ठेवलं.

फेब्रुवारीच्या अखेरीस एक मादी व्याली. गप्पी अंडी घालत नाही, जिती पिल्लं देते. डोळा आणि शेपूट एवढंच दिसणारी वीसेक पिल्लं सकाळी होती. संध्याकाळी चार उरली. सरूबाईला मांजराचा संशय आला. बंकटला फोन केला, तर तो म्हणाला, "मांजर न्हाई मावशी, आईच. गप्पी आपलीच पिल्लं खाती. लपायला पाणगवत पायजे. माझ्याकडं हाय, पण फुकट न्हाई बरं का."

"फुकटचं कुठं मिळंल ते सांगा."

"धरणात मिळंल की."

माजलगावला तिची बहीण राहायची. सरूबाई एका सुट्टीला तिकडं गेली. तिथलं धरण पार आटून लांब गेलं होतं. भेगाळलेल्या गाळातून मैलभर चालल्यावर हिरवट डबकी लागली. गुडघ्याएवढ्या चिखलात उतरून तिनं पाणगवताचे झुपके उपसले आणि ओल्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून डब्यात भरले. बहीण काठावरून ओरडत होती, "अगं, रुतशील! माशांसाठी जीव देतीस का?" सरूबाईनं आणखी एक झुपका उपटला आणि मगच बाहेर आली.

गवत टबात रुजलं आणि पिल्लं टिकली. एप्रिलपर्यंत गप्पी इतके झाले की तिनं भंगारातलं एक फुटकं टिपाड आडवं कापून घेतलं आणि भेगेला डांबर लावून त्यात निम्मे सोडले. आता अंडं पुरेना. एकदा आपल्या वापरायच्या पाण्याच्या टिपाडात तिनं बघितलं, तर डासांच्या अळ्या वळवळत होत्या. जुन्या ओढणीनं गाळून त्या टबात टाकल्या. पाणी क्षणभर उसळलं; मग एक अळी दिसायला उरली नाही. त्या दिवसापासून खाऊचा प्रश्न मिटला. आपल्या टिपाडात मग तिनं चार गप्पी कायमचेच सोडले.

मे महिन्यात भीमनगरात ताप आला. टँकर आठ दिवसांनी येणार म्हणून घरोघरी पाणी साठवलेलं, आणि साठवलेल्या पाण्यात डास. आरोग्य केंद्राची आशाताई दारोदार सांगत फिरली, "आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करा, कोरडी घासा." बायका ऐकून घ्यायच्या. आठ दिवसांचं पाणी ओतून कोण देणार? दगडाबाईची सून डेंग्यूनं बीडच्या दवाखान्यात पडली. पाच दिवसांनी ती घरी आली, हातापायाच्या काड्या झालेली.

त्या दिवशी सरूबाई आपणहून दगडाबाईच्या दारात गेली. हातात तांब्या, तांब्यात चार गप्पी.

"टिपाड कुठाय तुमचं?"

"प्यायच्या पाण्यात मासा सोडतीस व्हय?"

"प्यायचं पाणी माठात झाकून ठिवा. ह्ये वापरायच्या टिपाडात. दोन दिवसांनी बघा. अळी दिसली तर मला बोलवा आन् चारचौघांत बोला."

दगडाबाईनं टिपाडावरचं फळकूट सरकवलं. तिसऱ्या दिवशी ती स्वतः आली आणि टबाशेजारी फतकल मारून बसली. "सरू, माझ्या भावजयीला बी दे चार," एवढंच म्हणाली. आठवडाभरात भीमनगरातल्या झाडून सगळ्या टिपाडांत गप्पी फिरू लागले. नवीन ताप हळूहळू कमी होत गेला. आशाताईनं आपल्या वहीत तशी नोंद करून वर कळवलं.

ती खबर सुंदररावांच्या कानावर गेली. माळावरची चारा छावणी पतसंस्थेकडंच होती. जनावरांच्या पाण्याचे चार सिमेंटचे हौद अळ्यांनी भरले होते आणि जनावरांबरोबर तिथंच राहणारी माणसं तापानं फणफणत होती. छावणीवर ठपका येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुंदररावांनी सरूबाईला केबिनमध्ये बोलावलं.

"बसा सरूबाई. तुमच्याकडं ते मासे लई झालेत म्हणं. छावणीला पायजेत. काय पैसे होतील ते संस्था देईल."

सरूबाई बसली. या खुर्चीत ती पहिल्यांदाच बसत होती.

"पैसे नगंत, साहेब. आमच्या वस्तीला टँकर दर खेपेला शेवटी येतंय, तळ लागल्यावर. आठवड्यातून एक खेप पयली आमच्याकडं आली पायजे."

"टँकर ग्रामपंचायतीचं. ते माझ्या हातात हाय का?"

"ग्रामपंचायत कुणाच्या हातात हाय, ते सगळ्या पाटोद्याला ठावं हाय."

सरूबाई खुर्चीतून उठली नाही. शेवटी सुंदररावांनी फोन उचलला. पुढच्या सोमवारी टँकर भरलेला, काठोकाठ सांडत, आधी भीमनगरात आला.

मासे छावणीत गेले, आणि दुसऱ्याच आठवड्यात सगळे मेले. मुकादम म्हाळूनं हौद साफ राहावेत म्हणून पावडरीची अख्खी पिशवी ओतली होती. सरूबाई उन्हातान्हात माळ चढून गेली. हौदावर मेलेल्या माशांचा पांढरा थर तरंगत होता. तिनं म्हाळूला हाक मारली.

"मी मुद्दाम केलं न्हाई बाई," म्हाळू घाईनं म्हणाला. "मला कुणी सांगितलंच न्हाई."

"माझंच चुकलं. मी साहेबांस्नी सांगितलं, तुमाला न्हाई. आता ऐका."

तिनं त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, पावडर किती आणि कुठल्या टाकीत, पाणी मुरवायचं कसं, गवत का लागतं. म्हाळूकडून ते परत वदवून घेतलं. मग घरी येऊन टबातले उरलेसुरले मासे उपसले. स्वतःपुरत्या फक्त सहा माद्या आणि दोन नर ठेवले. या खेपेला हौदांतले मासे जगले. म्हाळू तर पुढं येणाऱ्याजाणाऱ्याला हौदावर वाकवून ते दाखवू लागला. जूनच्या अखेरीला पाऊस आला आणि जनावरं गावोगाव परत गेली. तेव्हा हौद रिकामे करायच्या आधी त्यानंच सरूबाईला मासे न्यायला निरोप धाडला.

दोन वर्षांनी पुन्हा तसाच दुष्काळ पडला. आता भीमनगरातल्या दहा बायकांचा बचत गट होता, अध्यक्ष दगडाबाई, आणि गटाच्या सात टाक्यांत गप्पी होते. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याहून बोलावणं आलं, तेव्हा सरूबाई दोन डबे मांडीवर घेऊन एसटीनं गेली. शाळेच्या पडवीत तिथल्या बायका जमल्या होत्या. डब्याचं झाकण निघताच पुढं बसलेली एकजण म्हणाली, "बाई, ह्ये ठिवायचं म्हंजे लई खर्च येत असंल की."

"न्हाई," सरूबाई म्हणाली आणि पदर खोचून खाली बसली. "तुमच्या घरात बंद पडलेला कूलर हाय का कुणाच्या?"