मानेवरचा दोरा

शाहूवाडीकडच्या वाड्यावस्त्यांवरून टेम्पोतून दूध गोळा करणारा जोतीराम एका जागी ठरेल तर शपथ. जेवायलासुद्धा तो उकिडवाच बसायचा. अशा माणसावर १९९९ साली बसून राहायची पाळी आली.

त्याच्या लेकीनं, क्रांतीनं, बांधावर सापडलेला गोळा खाऊ समजून चावला. रानडुकरांसाठी कुणा मेल्यानं ठेवलेला गावठी बॉम्ब होता तो. खालचा जबडा गेला. कोल्हापुरातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पायाचं हाड कातडीसकट काढून जबड्याला बसवलं आणि त्याच्या बारीक नसा दुर्बिणीखाली मानेतल्या नसांना शिवल्या.

"या कातडीचा रंग बघत बसायचं," बाई म्हणाल्या. "गुलाबी असली तर हाड जगलं. काळीनिळी पडली तर लगेच हाक मारा. आणि मानेवर काही दाबायला नको."

जोतीराम बसला. रात्र सरली, पण त्या कातडीवरची नजर हलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो औषध आणायला खाली गेला. परत येतो तर पोरीच्या गळ्यात काळा दोरा. गावाकडून आलेली त्याची आई, चिमणाबाई, उशाशी बसलेली.

"नजर लागली रं पोरीला. जोतिबाच्या पायाला लावून आणलाय. सोडू नगंस."

बाईंचं बोलणं त्याला आठवत होतं. पण देवाचा दोरा आईसमोर तोडायचा कसा? हात पुढं जाई नि मागं येई. मान सुजत चालली, दोरा रुतत चालला. म्हातारी चूळ भरायला बाहेर गेली आणि कातडी जांभळी दिसायला लागली.

तो ओरडला. सिस्टरनं धावत येऊन दोरा कापला. मागोमाग बाई आल्या.

"कुणी बांधला हा?"

"मी," जोतीराम म्हणाला.

"बाहेर व्हा! परत या खोलीत पाय ठेवायचा नाही."

क्रांतीला पुन्हा ऑपरेशनला नेलं, नसेतली गुठळी काढली. तिच्याजवळ आता चिमणाबाई बसली. दोरा कुठं गेला विचारल्यावर जोतीरामनं सांगितलं, आत नेताना सगळंच काढत्यात. मग तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिला.

सकाळी म्हातारी बाहेर आली. "गुलाबी हाय रं, पाक गुलाबी! देवाच्या दोऱ्यानं राखलं बघ." आणि मग तिचा आवाज चढला. "पोरगी हातानं खुणावून तुला बोलावतीया. बाप हाईस न्हवं? घटकाभर लेकराजवळ बसवत न्हाय व्हय तुला?"

जोतीरामनं बंद दाराकडं बघितलं.

"न्हाय बसवत, आई," तो म्हणाला. "तूच बस."