गादीखाली इस्त्री केलेली वायर

आमच्या घरचं इंटरनेट मी गादीखाली दाबून मोडलं.

मुद्दाम नाही हो! त्या दिवशी अकरा वाजता सून स्नेहलची लॅपटॉपवर मुलाखत होती. बाळंतपणात तिची नोकरी सुटली, त्यानंतर पहिल्यांदाच कोणी बोलावलं होतं, तेही घरून करायच्या कामासाठी. मी चौथी शिकलेली. मी काय मदत करणार? म्हणून खोली आवरली. भिंतीवरच्या नेटच्या डब्यातून एका बारीक पिवळ्या वायरचं वेटोळं लोंबत होतं. साहेब लोकांना ते दिसलं तर? मी वायरची साडीसारखी चापून घडी घातली आणि पलंगावरच्या गादीखाली सरकवली. (आमच्याकडे इस्त्री अशीच होते.) वर आमचे हे पेपर घेऊन बसले. यांचं वजन म्हणजे इस्त्री पक्की!

थोड्याच वेळात स्नेहल ओरडली, "आई, डब्यावर लाल लाइट लागला! नेट गेलं!"

"लागला तर आहे ना," मी म्हटलं.

तिनं नेटवाल्यांना फोन लावला. "आई, वायर कुठं वाकली का म्हणून विचारून राहिले. आत केसाएवढी काच असते म्हणे."

काच! आणि वर यांचं वजन! मी हळूच गादीकडे बोट केलं. हे उठले. वायर बाहेर निघाली. घडी मात्र सुरेख बसली होती!

नेटचा माणूस उद्या येणार, मुलाखत आज. मोबाइलची रेंज फक्त गच्चीवर, आणि मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर सांडगे तेवढे बसू शकतात.

"घाबरता काहून?" हे म्हणाले. हे खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त. "जिंदगी वायरी जोडण्यात गेली माही. सोलतो, पीळ देतो, काळी टेप मारतो. झालं!"

"बाबा, नका ना!" स्नेहल म्हणेपर्यंत ब्लेड चाललंसुद्धा. पिवळी साल निघाली, आत दोरे निघाले, आणि मग हे भडकले.

"अवं, यात तांबंच नाई! चोट्टे! फसवलं आपल्याले!"

तेवढ्यात ती केसाएवढी काच यांच्या बोटात घुसली. तरी माणूस हटेना! माळ्यावरून टीव्हीच्या छत्रीची जुनी, जाड काळी वायर काढून आणली. तिच्या टोकाला फिरवायचा नट आणि मधोमध एक सुई.

"हे पाय, यात तांबं हाय. पण डब्यात बसत काहून नाई?"

"बाबा, ती टीव्हीची आहे!"

"मंग का झालं? चित्र तर यातूनबी येते!"

स्नेहलचे डोळे भरून आले. ते पाहिलं आणि मी, जी भाजीवाल्याशीही बोटानंच बोलते, ती कंपाउंडच्या भिंतीशी जाऊन केवढ्यानं ओरडले, "कुंदाताई!"

शेजारच्या कुंदाताई धावत आल्या. "का झालं वं? कोन गेलं?"

"नेट गेलं."

"हात्तिच्या! माझ्याकडंच बसवलं असतं स्नेहलले, पन घरात मिस्त्री टाइल कापून राहिले. थांब, आमच्या नेटच्या डब्याले लावाले लांब वायर हाय. खिडकीतून ओढून घे."

ही निळी आणि धडधाकट. टोकाला प्लास्टिकची पारदर्शक पिन, मक्याच्या दाण्याएवढी, पाठीवर छोटीशी नखी. ती नखी अडकली की पिन घट्ट बसते. पण ह्यांनी वायर खिडकीच्या गजांतून अशी ओढली जशी विहिरीतून बादली! नखी गजाला अडकली आणि टक्! मोडली.

आता पिन लॅपटॉपमध्ये जाई आणि लगेच सटके. अकराला दोन मिनिटं कमी.

"आई, तुम्ही दाबून धरा!"

मी टेबलाआड उकिडवी बसले, हात वर करून पिन दाबून धरली. मुलाखत सुरू झाली. स्नेहल काय छान बोलत होती! मग तिकडच्या मॅडमनी विचारलं, "घरून काम करायला घरच्यांची साथ आहे ना?"

"हो मॅम, माझ्या सासूबाई..."

मला इतका आनंद झाला की मी अख्ख्या अंगानं मान डोलावली. पिन सटकली! मी घाबरून परत खुपसली.

"काय झालं?" मॅडम.

स्नेहलनं खरं ते सांगून टाकलं. मॅडम हसल्या. "अरे, दाखवा ना त्यांना!"

उठले तर पिन सुटणार, आणि लाजेनं जीव जाणार तो वेगळाच! मी टेबलाआडूनच दुसरा हात वर केला आणि अर्धा नमस्कार केला. बोटांना सांडग्याचं पीठ होतं ते तेव्हा दिसलं.

संध्याकाळी फोन आला. नोकरी मिळाली! स्नेहल माझ्या गळ्यात पडली. "आई, रोज घरूनच काम! दहा ते सहा!"

हे पेढे आणायला निघालेसुद्धा. सगळे आनंदात, फक्त माझाच जीव खाली-वर. शेवटी धीर करून विचारलं,

"दहा ते सहा? मंग मले जेवाले तरी सोडशील का वं? का तेवढ्यापुरतं ह्यांना पिन धरून बसवू?"