आबांचे सोळा तुकडे

आमचं एकत्र घर मोडायला मी निघालो आहे, ही बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली.

घर माले गावात आहे. तिथे आई, दादा आणि वहिनी असतात. मी आणि माझी बायको शुभा महाळुंग्याला अकराव्या मजल्यावर राहतो. पण तो फ्लॅट, घर नव्हे. शेत एक, चूल एक, भाताची कणगी एक. आबा, म्हणजे आमचे वडील, जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. आमच्या भागात हल्ली बापाचं तेरावं आणि जमिनीची मोजणी यांत फार अंतर राहत नाही. आमच्याकडे ते राहिलं होतं, आणि त्याचा दादाला अभिमान होता.

मी बावीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवतो. आबा गेल्यापासून मात्र मला वाचता येईना. अक्षरं दिसायची, पण तिसऱ्या ओळीशी पोचेपर्यंत पहिली निघून गेलेली असायची. (विद्यार्थी हीच तक्रार घेऊन येत, तेव्हा मी त्यांना ‘एकाग्रता वाढवा’ असं सांगत असे. त्या सगळ्यांची मी इथे माफी मागतो.) शेवटी शुभाने माळ्यावरून आमच्या मुलीचा जुना कीबोर्ड काढला.

“पुस्तकाकडे नुसतं बघत बसण्यापेक्षा हे वाजवा,” ती म्हणाली. “हेडफोन लावून. शेजाऱ्यांनी काय पाप केलंय?”

मला वाजवायचं होतं ते एकच. माझ्या फोनमध्ये आबांचा चाळीस सेकंदांचा आवाज आहे. अंगणात ते पायलीने भात मोजताहेत. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. तर आबा म्हणतात, “लाभ...”, पायली पोत्यात उपडी होते, तिच्या बुडावर थाप पडते, धप्प! “दोन...” धप्प! असं नवापर्यंत. मग, “भाऊ, त्यो फोन ठिव अन् पोतं धर.” तिथे संपतं. कारण मी फोन ठेवला आणि पोतं धरलं. आयुष्यात आबांचं मी तत्काळ ऐकलं असे प्रसंग थोडे. त्यातला हा एक, आणि तोच नको तिथे आला.

त्या थापेभोवती बारीकसा सूर बांधावा, असं मला वाटायचं. आबांनी नवावर थांबू नये, एवढीच इच्छा.

आमच्या वरच्या मजल्यावर निखिल राहतो. मूळचा लातूरचा, आयटीत आहे, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्या घरातून अवकाशयान सुटल्यासारखे आवाज येतात. मी त्याला गाठलं.

“सर, सिंपल आहे,” तो म्हणाला. “एक तर ग्रूव्हबॉक्स घ्या. ऑल इन वन. ड्रम, बेस, सिंथ, रेकॉर्डिंग, सगळं एका डब्यात. नाहीतर सेपरेट सिंथ घ्या. प्रत्येकाचा साउंड भारी, पण वायरींचं जंगल होतं.”

“आणि आबांचा आवाज?”

“आवाजाचं सॅम्पल आत घ्यायचं सर, चॉप करायचं, सोळा पॅडवर, म्हणजे बटणांवर, एकेक तुकडा टाकायचा. झालं!”

झालं नाही. मी महिनाभर ठरवत होतो. एकच डबा घ्यावा, तर कुठलाच आवाज पुरता मनासारखा नाही. सुटी वाद्यं घ्यावीत, तर फ्लॅटमध्ये एक तर ती राहतील नाहीतर शुभा. म्हणून मी टिपण काढायला बसलो, आणि इथे माझ्यातला प्राध्यापक आडवा आला. लिहिताना परका शब्द आला की मला भाताच्या घासात खडा लागल्यासारखं होतं. ग्रूव्हबॉक्सला प्रतिशब्द शोधण्यात एक आठवडा गेला. ‘ठेकामंजूषा’ हा शब्द ऐकून शुभाने संध्याकाळभर माझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी मी नुसते दोन रकाने आखले. एकाला नाव दिलं ‘एकत्र’, दुसऱ्याला ‘वेगळे’, आणि खाली ज्याचे त्याचे गुणदोष. वाद्याचं नाव कुठेच नाही. किती शुद्ध, किती निर्मळ टिपण होतं ते!

तो कागद खूण म्हणून एका कादंबरीत ठेवला. (तिसऱ्या पानावर. आठ महिन्यांची प्रगती.) आणि ती कादंबरी रविवारी मालेच्या ओटीवर विसरून आलो.

बुधवारी दादाचा फोन आला. दादा सहसा फोन करत नाही. फोन हा वाईट बातमीसाठीच असतो, असं त्याचं मत आहे.

“भाऊ, तुजा कागद वाचला. वहिनीला घावला.”

“अरे वा! मग काय वाटतं तुला?”



“तुला काय वाटतंय त्ये सांग आदी. एकत्र का वेगळं?”

“मनातलं विचारशील तर वेगळंच. पण शुभा म्हणते, एकत्र बरं.”

“शुभा म्हन्ती एकत्र?”

“तिचं म्हणणं, वेगळं केलं की पसारा वाढतो.”

“शानी हाय ती. येडा तूच निघालास,” दादा म्हणाला. “रईवारी ये. मामास्नी बलवलंय.”

मी हेलावून गेलो. “बघ,” मी शुभाला म्हणालो, “माझ्या वाद्याबद्दल घरात केवढी आस्था आहे! खास मामा येताहेत!”

“मामांना यातलं काय कळतं?” शुभाने विचारलं. (आमच्या दोघांत बुद्धीची वाटणी फार पूर्वीच होऊन गेली आहे.)

रविवारी मी एकटाच गेलो. ओटीवर घोंगडी अंथरली होती. दादा होता. मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, भिंतीला टेकून बसले होते. शिवाय गावातले तात्या. पंचवीस वर्षं लोकांची भांडणं मिटवणं हाच त्यांचा उद्योग. तात्यांनी मोजणीची टेप आणली होती. यंत्राची लांबी-रुंदी बघायची असेल, असं मला वाटलं. (खरोखर वाटलं!) आई आत तांदूळ निवडत होती. मी पाया पडायला वाकलो, तर तिने पाय आवरून घेतले.

मामांनी चष्मा चढवला आणि कागद हातभर लांब धरून वाचायला सुरुवात केली.

“एकत्र. जागा कमी लागते. पण एक बिघडला की सगळंच बंद.”

“खरंच आहे ते,” मी म्हणालो.

“कोन बिघडलाय?” दादाने विचारलं.

“अजून कुणी नाही रे. पण भरवसा काय?”

“वेगळे,” मामा पुढे वाचू लागले. “ज्याचा त्याला स्वतंत्र आवाज. पुढे एखादा नकोसा झाला तर काढून टाकता येतो.”

आत सूप आपटल्याचा आवाज झाला.

“मात्र मध्ये तारा बऱ्याच लागतील.”

“काटेरी का साध्या?” तात्यांनी विचारलं.

“साध्याच, तात्या. दीड-दीड मीटर पुरे.”

“दीड मीटरात कुटलं कुंपन व्हतंय?”

कुंपण? मी काही बोलणार तोच मामांचा आवाज चढला. “जुना आता ठेवून उपयोग नाही. मोडीत द्यावा.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “हितं जुना मी येकलाच हाय. मला देतुयास व्हय मोडीत?”

“मामा, तो कीबोर्ड...”

“गप! शेवट ऐका. आबांचं आहे ते सगळं आधी आत घ्यावं. मग त्याचे सोळा तुकडे करावेत.”



“सोळा,” दादा म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो फार हळू बोलला. “दोन म्हनला असतास तर समाजलो असतो. एक तुजा, एक माजा. सोळा पलाट पाडून इकनार व्हय रं? धरनाकडच्या रिसॉर्टवाल्यानं गाठलं का तुला?”

आई दारात येऊन उभी राहिली होती. “त्येंचं वरीस बी झालं न्हाई अजून,” ती म्हणाली. “तेवढं तरी थांबायचं, भाऊ.”

तेव्हा मला सगळं कळलं.

“दादा, जमिनीचं नाही ते! यंत्राचं आहे. वाजवायच्या.”

“मंग सोळा तुकडं यंत्राचं?”

“नाही, नाही. आबांचे.”

(हे वाक्य मी उच्चारलं तसंच लिहितो आहे. ते ऐकून तात्यांनी टेप खिशात घातली आणि ते चपला शोधू लागले.)

आता बोलण्यात अर्थ नव्हता. मी फोन काढला आणि घोंगडीवर मधोमध ठेवला.

“लाभ...” धप्प! “दोन...” धप्प!

तात्या एक चप्पल हातात घेऊन थांबले. वहिनी आतून आल्या. दादा फोनकडे न बघता अंगणाकडे बघत होता, जिथे पोती असायची तिथे. “आठ... नऊ... भाऊ, त्यो फोन ठिव अन् पोतं धर.”

“पुन्यांदा लाव,” आई म्हणाली.

तीनदा लावलं. मग आईने विचारलं, “ह्येचं तू तुकडं करनार व्हतास?”

“परत जुळवायला, आई. थापेभोवती सूर बांधायला.”

“सूर बांध की. तुकडं नगंत. एकत्रच ऱ्हाऊ दे.”

“ठरलं!” मामांनी तो निकाल स्वतःचा म्हणून जाहीर केला. “एकत्र! आन त्या यंत्राला विंग्रजीत काय म्हंत्यात?”

“ग्रूव्हबॉक्स.”

“मंग त्ये लिवायचं की, गाढवा! कुनाला काय बी कळलं नसतं, म्हंजी भांडान बी झालं नसतं.”

मराठीच्या प्राध्यापकाला मराठीविषयी इतकं परखड मार्गदर्शन कुणी केलं नसेल.

ग्रूव्हबॉक्स आला. तो मालेलाच असतो, कोनाड्यात, आबांच्या पायलीशेजारी. त्याच्या सोळा बटणांपैकी पंधरा रिकामी आहेत. (निखिल म्हणतो, हा यंत्राचा अपमान आहे.) सोळाव्यावर आबा आहेत, सलग, आणि त्यांच्याभोवती मी बांधलेला एक बारीक सूर. बटण दाबण्याचा मान आईचा. नवानंतर पुन्हा “लाभ” येतो. आबा आता थांबत नाहीत, म्हणजे मला हवं होतं तेच झालं. फक्त दर चाळीस सेकंदांनी, घरातल्या सगळ्यांदेखत, ते मला फोन ठेवायला सांगतात.

परवा मी तिथे बसून, कितीतरी दिवसांनी, कादंबरीचं अकरावं पान वाचत होतो. “पोतं धर,” आबा म्हणाले, आणि मी पुस्तक टाकून उठलो.

“भाऊजी,” वहिनी चुलीपासून ओरडल्या, “पोतं कोपऱ्यात हाय!”