माझ्यासाठी उघडा ठेवलेला कान

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही — तिला सांगायची वेळच आली नाही, का ते पुढे येईल. प्रल्हादपाशी तर नाहीच नाही. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुमचं तोंड मला दिसत नाही, आणि ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्याशी बोलायची मला सवय आहे. पोटच त्यावर भरतं माझं.

यवतमाळात आमचं एक लहानसं एफएम स्टेशन आहे. त्यावर रोज सकाळी मी सासरा असतो, जावयाचा 'मामाजी'. 'जवायाचा पाहुणचार' असं कार्यक्रमाचं नाव. जावई प्रल्हाद होता. जावई काहीतरी वाकडं बोलणार, सासरा त्याच्या कानशिलात वाजवणार, आणि गाणं लागणार — एवढाच मामला. लिहून आणलेलं काही नसायचं. लोकांचे फोन घ्यायचे, लाइटीवर, एसटीवर, सोयाबीनवर, बायकांवर बोलत सुटायचं, आणि बोलणं लांबतंय असं वाटलं की थप्पड. लोक त्या थपडेची वाट बघायचे. चहाच्या टपरीवर हातातला कप तसाच धरून लोक थांबलेले मी पाहिले आहेत.

सुरुवातीला थप्पड खोटी होती. मी रेक्झिनच्या बॅगेवर हात आपटायचो. काचेपलीकडे आमच्या प्रोड्युसर बसायच्या, शुभांगी मॅडम. त्या म्हणाल्या, बॅग वाटते रे, गाल वाटत नाही. तेव्हा प्रल्हादच म्हणाला, "मारा न भाऊ खरोखर. माहा गाल का काचेचा हाये?"

त्यानं गावच्या नाटकांत कामं केली होती. त्यानंच मला शिकवलं. पंजा जरा वाकवायचा, हात खोलगट करायचा आणि गालावर द्यायचा, कानापासून दूर. आवाज मोठा येतो, लागत मात्र फारसं नाही. "कानावर नको हां भाऊ," तो म्हणाला होता. "खोलगट हात कानावर बसला का हवा आत घुसते." हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लक्षात असू द्या.

माइक उघडा असताना इशारा कसा करणार? टेबलावर टकटक केलं तर ऐकू जातं. म्हणून पाय. टेबलाखाली मी त्याचा पाय दाबायचा, की तो तोंड माझ्या हाताकडे वळवायचा. गाल पुढे यायचा, कान मागे जायचा. बोलता बोलता हे सगळं व्हायचं, त्याचं वाक्यसुद्धा तुटत नसे. आणि हेडफोन तो एकाच कानावर ठेवायचा, उजव्या. त्यात फोनवरचे लोक ऐकायचे. डावा कान उघडा. "डावा तुमच्यासाठी, भाऊ," म्हणायचा. मशीनमधून माझा आवाज त्याला आवडत नसे — समोरून, जसा आहे तसा हवा असायचा.

आणि गाणं लागलं, माइक बंद झाला, की खरा कार्यक्रम सुरू. तुम्हाला वाटत असेल रेडिओवाले आत बसून विनोद करत असतील. करायचो ना. पण आमचा विनोद म्हणजे मारामारी होती. प्रल्हाद साडीच्या दुकानाची जाहिरात वाचत असला की मी त्याची करंगळी मागे वाकवायचो. त्याचा आवाज हलू द्यायचा नाही, ही त्याची परीक्षा. मी मांडीला चिमटे घेतले आहेत, काळेनिळे होईपर्यंत. पाण्याची भरलेली बाटली फेकून मारली आहे. एकदा केस धरून त्याचं डोकं टेबलाला टेकवलं आणि तशातच त्यानं हवामान सांगितलं. मॅडम काचेपलीकडे पोट धरून हसायच्या. तोही हसायचा, डोळ्यांत पाणी असताना. उलट मारायचा नाही कधी. लटका हात उचलायचा आणि खाली घ्यायचा. त्याचाच मला राग यायचा, हे आज कळतं — की तेव्हाच कळत होतं?

मला मारायला आवडायचं. बोलून टाकलं एकदाचं. थप्पड दिल्यावर तळहाताला जी ऊब येते, ती गाणं संपेपर्यंत राहायची, आणि मी हात मांडीवर उलटा ठेवून ती जपायचो. लोक हसत होते, पगार मिळत होता, आणि माझ्या हाताला त्याचं खाणं मिळत होतं. घरी एवढी सोय नव्हती.

घरचं सांगतो. त्या आठवड्यात मी बायकोला मारलं होतं. कारण सांगत नाही. सांगितलं तर ते तुम्हाला कारण वाटेल. तोंडावर मारलं — आणि ती पडली तेव्हा थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी तोंडाला पदर लावून ती माहेरी गेली, कळंबला. स्टेशनवर मी सांगितलं, तिथल्या चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला गेली, चतुर्थी करूनच येईल. प्रल्हाद म्हणाला, "वहिनीले माहा नमस्कार सांगा." बाकी काही विचारलं नाही.

मग ती सकाळ. उमरखेडहून एका ताईंचा फोन होता. चांगल्या बोलक्या. म्हणाल्या, सासरा झाला, जवाई झाला, सासूबाईंचा आवाज कधी ऐकवता? आता यावर मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात प्रल्हादनं ताईंचं वाक्य उचललं. "ताई, सासूबाई कळंबले जाऊन बसल्या. मामाजीचा हात घरीबी चालते वाटते. पळाल्या बिचाऱ्या."

ताई हसल्या. खूप हसल्या. काचेपलीकडे मॅडमनं कपाळाला हात लावून हसू आवरलं. सगळा जिल्हा हसत असेल, असं मला वाटलं. सगळ्या जिल्ह्याला कळलं, असंही वाटलं. त्याला कुणी सांगितलं? तिनं फोन केला? की माझ्याच तोंडावर लिहिलेलं होतं? — काही नव्हतं. तो नेहमीसारखं जिभेवर आलं ते बोलला होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. हे मला त्याच क्षणी समजलं होतं, बरं का. रागाच्या भरात समजलं नाही असं म्हणायची सोय मी ठेवत नाही. पुढचा मेसेज वाचायला तो मोबाइलवर वाकलेला होता, मजेत, पुढचं वाक्य जुळवत. ज्याला काही ठाऊक असतं तो माणूस असा वाकत नाही.

माझा पाय त्याच्या पायाला लागून होता. दाबायचा होता, एवढंच. मी पाय मागे घेतला. खुर्चीखाली घेतला. मग हात खोलगट केला, अगदी त्यानं शिकवला होता तसा, आणि उघड्या कानावर दिला. खांद्यापासून दिला. बायकोला दिला होता तसा.

आवाज काय आला म्हणून सांगू. टपरीवरचे लोक उभे राहिले असतील. मॅडमनं काचेला अंगठा लावून दाखवला — एक नंबर. मी सासऱ्याच्या आवाजात म्हणालो, "घ्या, पाहुणचार घ्या जवाईबापू," आणि गाणं लागलं.

प्रल्हाद टेबलाच्या कडेला धरून बसला होता. खोली फिरतेय असं त्याला वाटत असावं. त्यानं कानात बोट घातलं, काढलं, बोटाला रक्त होतं. ते त्यानं पँटला पुसलं. मग माझ्याकडे बघून, जरा जास्तच मोठ्यानं विचारलं, "भाऊ, पाय दाबलता का?"

बघा, इथे वेळ होता. गाणं अर्धं बाकी होतं. दार बंद होतं, माइक बंद होता, आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "दाबलता न. तू मोबाइलात डोकं घालून बसलता."

"हाव काय?" तो म्हणाला. "मले समजलंच नाही." मग म्हणाला, "सॉरी भाऊ."

तो मला सॉरी म्हणाला. मी काय केलं? पाठीवर हात ठेवला त्याच्या. गाणं संपलं आणि आम्ही उरलेला कार्यक्रम केला. त्याच्या कॉलरवर दोन ठिपके पडले होते. ते रेडिओवर दिसत नाहीत.

पडदा फाटला होता. डॉक्टरांनी औषधं दिली, पाणी जाऊ देऊ नका म्हणाले. पावसाळा होता. कान पिकला, वाहू लागला, मग नागपूरच्या खेपा झाल्या, आणि शेवटी डावा कान गेला. प्रत्येक ठिकाणी त्यानं एकच सांगितलं, कामात माझीच चूक झाली, इशारा कळला नाही. मी एका खेपेला बरोबर होतो. डॉक्टर माझ्याकडे बघत होते आणि मी भिंतीवरचं कानाचं चित्र बघत होतो.

एका कानानं माणूस जगतो. विनोद करत नाही. विनोदाचा सगळा खेळ अर्ध्या श्वासाचा असतो, आणि माझं वाक्य त्याच्यापर्यंत उशिरा पोचायला लागलं. तो मान वळवून उजवा कान पुढे करायचा, तेवढ्यात वेळ निघून जायची. बोलायचाही मोठ्यानं. काही महिने मॅडमनं कळ काढली. मग एक दिवस मला बोलावून विचारलं, काय करायचं रे याचं? मी म्हणू शकलो असतो, राहू द्या. मी म्हणालो, "त्याचं टायमिंग गेलं, मॅडम." ते टायमिंग कुठे गेलं हे मला ठाऊक होतं, तरी म्हणालो.

ती थप्पड मात्र राहिली. मॅडमनं रेकॉर्डिंगमधून ती कापून घेतली आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या संगीतात टाकली. रोज सकाळी आधी ढोलकी, मग ती थप्पड, मग नाव. लोकांनी फोनला लावली. पेट्रोल पंपावर एक जण गाल पुढे करून उभा राहिला, "मामाजी, एक ठेवून द्या न." दुसरा व्हिडिओ काढत होता. मी ठेवून दिली. त्याचं हसणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. हाताला ऊब आली.

चतुर्थी झाल्यावर बायको परत आली होती. भावानं आणून सोडलं. तिच्या माहेरी रोज रेडिओ लागतो. चहा ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "प्रल्हादभाऊले तुमी खरोखर मारलं. तो आवाज मले समजते." ती चहा गाळत राहिली. त्यानंतर तिच्यावर हात टाकला नाही असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. टाकला आहे. आमच्या घरात आता सकाळी रेडिओ लागत नाही.

प्रल्हादचं बाभुळगावला मोबाइलचं दुकान आहे. माल घ्यायला यवतमाळला आला की स्टेशनवर चक्कर टाकतो, सगळ्यांसाठी कचोरी आणतो. माझ्या समोर बसत नाही, बाजूला बसतो, उजवा कान माझ्याकडे करून. अजून माझंच ऐकायला.

मागच्या आठवड्यात आला तेव्हा नवा जावई रुजू झाला होता, पांढरकवड्याचा, तरतरीत पोरगा. प्रल्हादनं त्याला आपल्या जुन्या खुर्चीत बसवलं आणि शिकवायला लागला. हात असा येते, तोंड असं वळवायचं. टेबलाखाली बोट दाखवून म्हणाला, "ध्यान सगळं पायावर ठेव. भाऊ पाय दाबल्याबिगर कधीच मारत नाही. येक डाव मीच चुकलो, तं हे पाहा," आणि कानाला हात लावून दाखवला. पोरानं माझ्याकडे पाहिलं, खरं का म्हणून.

मी मान हलवली. हो म्हणून.

मग प्रल्हाद काचेपलीकडे मॅडमशेजारी जाऊन उभा राहिला. लाल दिवा लागला. ढोलकी वाजली, थप्पड वाजली, आणि ती ऐकून प्रल्हाद हसला, रोज हसायचा तसा.