वडनेरी जातीचा मूळपुरुष

"नकार देता आला पाह्यजे, मास्तर. नकार देल्याबिगर वंश सुधरत नाही."

मामांचं हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते एखाद्या शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावं असं मला वाटलं होतं. वाक्य म्हणताना त्यांच्या मांडीवर एक तरणा कोंबडा होता आणि त्याचा उजवा पाय त्यांनी डॉक्टरसारखा हातात धरला होता. पायाची बोटं आत वळलेली होती. असा कोंबडा पैदाशीला ठेवत नाहीत, त्याचा रस्सा करतात. मामा त्याला नकार देणार होते.

तो कोंबडा पुढे म्हातारपणाने मेला.

वडनेर भोलजीत त्यांना सगळेच मामा म्हणत. त्यांनी जन्मभर लोकांची लग्नं जुळवली. मुलीचा सख्खा मामा रुसून बसला, तर मांडवात त्याच्या जागी हेच उभे राहत. मलकापूरपासून संग्रामपूरपर्यंत कोणत्या घरात मुलगा लग्नाचा झाला आहे आणि कोणत्या घरात तो तसं समजतो आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. मग लोक स्थळं मोबाइलवर पाहू लागले. मुलगा-मुलगी एकमेकांना पाहून, बोलून आणि एकदा भांडूनही झाल्यावर मामांना बातमी कळे, ती पत्रिकेतून. इस्त्रीचा शर्ट घालून ते एक अख्खा उन्हाळा ओट्यावर बसून राहिले. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याची नजर शाबूत असते आणि पाहायला काही नसतं.

अंगणात मामींच्या गावरान कोंबड्या होत्या. नजर त्यांच्यावर गेली.

"आधी लोकाईच्या पोरी पाह्यल्या, आता कोंबड्या," मामी मला कुंपणावरून म्हणाल्या. मामी मामांपेक्षा चांगल्या चार बोटं उंच, त्यामुळे कुंपण त्यांना अडवत नसे. "मानसाची नजर काही रिकामी राहत नाही, बाप्पा."

थोड्याच दिवसांत मामांनी जाहीर केलं की ते नवी जात तयार करणार आहेत. 'गावरान' हे काही जातीचं नाव नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. गावरान म्हणजे ज्याची कोणी चौकशी केली नाही तो. निवडून निवडून त्यांना असा कोंबडा हवा होता की जिल्ह्यात कुठेही दिसला तरी लोकांनी म्हणावं, "हा वडनेरी." एवढंच. दुसरी कोणतीही इच्छा मी त्यांच्या तोंडून ऐकलेली नाही.

पिल्लं वयात आली की मामा पाहण्याचा कार्यक्रम ठेवत. शब्द त्यांचाच. नर पिल्लं सकाळीच वेगळी काढून डालग्याखाली झाकलेली असत. शेजारी म्हणून मला बोलावणं असे. मामी पोहे करत. मी मुलीकडचा, असं गृहीत धरलेलं असे. मुली, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तलंगा, खुराड्याच्या जाळीआडून पाहत असत किंवा नसत.

मामा डालगं उचलून एकेकाला बाहेर सोडत. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ज्वारी टाकलेली असे.

"रूप पाहू नका, मास्तर. चाल पाहा, चाल."

मी चाल पाही. पिल्लू ज्वारीकडे पळे. मला सगळी पिल्लं ज्वारीकडे सारखीच पळताना दिसत, पण मामा मान हलवत.

"याची छाती पाह्यली? हाड सरळ आहे. डोया पाहा कसा, लाल. घाबरला नाही. तुरा उभा आहे. घरानं चांगलं आहे याचं."

"घराणं तर सगळ्यांचं एकच आहे, मामा. बाप एकच कोंबडा."

"मायच्या बाजूनं पाहा ना."

उमेदवाराला उचलून ते त्याच्या छातीचं हाड चाचपत, बोटं मोजत, पंख उघडून पाहत आणि शेवटी त्याला जमिनीवर ठेवून गंभीरपणे विचारत, "काय, काही विचाराचं आहे का तुले?" पिल्लू काही विचारत नसे. मग पोहे.

परीक्षा खरी होती, हे मी कबूल करतो. मामा पहिला निवडत तो पहिलाच असे. मलासुद्धा दिसे. तांबूस मान, काळ्या शेपटीवर हिरवी झाक, पाय खांबासारखे. गडबड त्यानंतर होई.

पहिल्या आलेल्या कोंबड्याला मामा लगेच स्थळ शोधत. कोणाचा तरी फोन येई, "मामा, आमच्या कोंबड्याइले एक चांगला नर पाह्यजे," आणि मामांच्या आवाजात जुनं तेज येई. ते आधी घर पाहायला जात. खुराड्याला कडी आहे का, कुत्रा बांधलेला असतो का, घरात खाणारी तोंडं किती, सगळी चौकशी. घेतल्यावर कापणार नाही असा शब्द घेत. "जावयाले कोनी कापते का?" असं विचारल्यावर समोरचा माणूस ओशाळून नाही म्हणे. मग कोंबडा नव्या पिशवीतून, डोकं बाहेर काढून, एसटीने सासरी जाई. दुसरा आलेलाही जाई. तिसराही.

उरत ते वाकड्या बोटांचे, पडक्या तुऱ्याचे, ज्वारी एकीकडे असताना दुसरीकडे पळणारे. ते मामांकडे राहत आणि पुढची पिढी त्यांचीच होई.

हा प्रकार लक्षात आल्यावर मी त्यांना शास्त्र सांगायला गेलो. "मामा, लोक वाईट काढून टाकतात आणि चांगला ठेवतात. तुम्ही उलटं करता. अशाने वडनेरी जात कशी होणार?"

"चांगल्याले कोनीबी घेते, मास्तर," मामा म्हणाले. "त्याले मध्यस्थ कायले पाह्यजे?"

"पण नकार देता आला पाहिजे, असं तुम्हीच म्हणता."

"हाव, म्हनतो ना." त्यांनी वाकड्या बोटांचं एक पिल्लू उचलून मांडीवर घेतलं. "पन देऊ कसा? कळवतो म्हनू का त्याले?"

हा शब्द मामांच्या घरात चालत नसे. तुम्ही-आम्ही तो हजारदा ऐकला आहे. मुलगी पाहून झाली, चहा झाला, पाहुणे चपला घालताना म्हणतात, "घरी गेल्यावर कळवतो." त्या दाराआड उभ्या मुलीलाही त्याचा अर्थ कळतो. गॅसवाला जरी सिलिंडरबद्दल "कळवतो" म्हणाला, तरी मामांचा चेहरा उतरे.

अशा रीतीने मामांचा कळप दर पिढीला थोडा थोडा घसरत गेला. बोटं वाकडी होती ती जास्त वाकडी झाली. एक कोंबडा भर दुपारी आरवू लागला आणि बाकीच्यांना ते पटलं. नरांची संख्या इतकी झाली की कोंबड्यांच्या पाठीवर पीस राहिलं नाही. मामींनी त्या कोंबड्यांना निवडून वेगळ्या खोलीत हलवलं. ती खोली आमच्या भागात पाहुण्यांची समजली जाते.

मग तालुक्याला कृषी प्रदर्शन भरलं. त्यात कोंबड्यांची स्पर्धा होती आणि कोंबड्याबरोबर एक पुठ्ठ्याची चिठ्ठी लावायची होती. तिच्यावर 'जात' अशी जागा होती. मामांनी ती जागा पाहिली आणि त्यांना राहवलं नाही. घरातला त्यातल्या त्यात उभा राहणारा कोंबडा घेऊन ते निघाले. मीही गेलो, कारण पिशवी धरायला कोणी तरी लागणार होतं. मामांनी स्वतःच्या हाताने ठळक लिहिलं: वडनेरी.

परीक्षक एक जनावरांचे डॉक्टर होते. त्यांनी कोंबडा पिंजऱ्यातून काढून मोकळ्या जागेत सोडला. कोंबड्याने डावीकडे वळून एक गोल चक्कर मारली आणि जिथून निघाला तिथेच परत आला. मग त्याने दुसरी चक्कर सुरू केली. डॉक्टर बराच वेळ थांबले.

"वडनेरी म्हणजे नेमकी कशी जात?"

मामांनी मांडवाच्या पलीकडच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे संग्रामपूरच्या एका शेतकऱ्याचा कोंबडा उभा होता. तांबूस मान, हिरव्या झाकेची शेपूट. भोवती लोक फोटो काढत होते.

"तो पाहा. तशी."

"मग हा?"

"हा त्याचा बाप."

डॉक्टरांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं आणि काहीच न लिहिता ते पुढे गेले.

पहिलं बक्षीस अर्थात संग्रामपूरला गेलं. तो शेतकरी कोंबडा काखेत घेऊन धावत आला आणि मामांच्या पाया पडला. "मामा, तुमचंच पोट्टं! पन चिठ्ठीवर मी गावरान लेहून टाकलं. खोडून वडनेरी लेहू का?"

मामांना आयुष्यात हवं होतं ते एका खोडण्यावर आलं होतं. त्यांनी कोंबड्याच्या गळ्याखाली बोट फिरवलं.

"नीट वागते ना हा? कोंबड्याइले त्रास नाही ना देत?"

"सोन्यासारखा आहे, मामा."

"मंग राहू द्या. घरजावयाले नाव सासरचंच राह्यते."

परतीच्या एसटीत पिशवीतला कोंबडा दुपार झाल्याबरोबर आरवला.

मामांना पुढे डोळ्यांनी नीट दिसेना. पुण्याहून मुलगी आली आणि दोघांना तिसऱ्या मजल्यावरच्या घरी घेऊन गेली. सामान बांधताना मामी मला म्हणाल्या, "मले पाहाले हे आपल्या चुलतभावासाठी आल्ते. पोरगी उंच आहे म्हून ते लोक कळवतो म्हनून गेले. दुसऱ्या दिवशी हे एकलेच परत आले. काऊन आले म्हना, तर म्हने कळवाले आलो." त्या पदर तोंडाशी धरून हसल्या. "अन् मलेच मांगनी घातली. तवापासून उरलंसुरलं घरात जमा करून राह्यले."

कळपाची जबाबदारी माझ्यावर आली. मामांनी बजावलं होतं, "चांगली घरं पाह्यजा." कोंबड्यांना घरं मिळाली. नरांपैकी बहुतेकांना मी कशीबशी घरं लावली, शब्द घेऊन. प्रदर्शनात गेलेला तेवढा उरला. मी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. ज्यांच्या अंगणात त्याचे देखणे मुलगे आणि नातू हिंडत होते, त्यांनाही केले. सगळे आदराने बोलले, मामांची प्रकृती विचारली आणि म्हणाले, "घरी इचारून कळवतो."

मामांचा पुण्याहून फोन येई. "मास्तर, जमलं का पोराचं कुठं?"

एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "कळवतो, मामा."

त्या शब्दाचा अर्थ त्यांच्याइतका कोणालाच माहीत नव्हता. पलीकडे ते मोठ्याने हसले. "म्हंजे तुमच्याकडंच आहे म्हना."

"हो."

"त्याले ज्वारी देत जा. अन् चाल पाहत राह्यजा."

त्या थंडीत मामा गेले. वडनेरी जातीचा मूळ कोंबडा आता माझ्या अंगणात आहे. सकाळी तो फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळतो, आणि आमची गल्ली डावीकडूनच वळसा घेत पुन्हा फाटकाशी येत असल्याने संध्याकाळी घरी सापडतो. उजवीकडे त्याला वळता येत नाही.