तीन पाण्यांतून धुतलेली भाजी

लेकीनं हंगामी भाज्यांचं एक देखणं पुस्तक पाठवलं. हरभऱ्याच्या भाजीची पहिलीच सूचना होती, ‘कोवळी पानं तीन पाण्यांतून स्वच्छ धुवा.’ माझं डोकंच फिरलं!

भातकुलीच्या शेतातून आईनं सकाळी खुडून आणलेली ती भाजी आठवली. पानांवरच्या खाऱ्या-आंबट दवाचा वास दिवसभर बोटांना यायचा. पुण्याहून लग्न होऊन आलेल्या धाकट्या काकूनं मोठ्या हौसेनं ती नळाखाली धरली. आई कडाडली, “काहून धुतली वं? सारी चव मोरीत गेली ना! आता हे गवत कोन खाईन?”

काकू रडली. मला आईची लाज वाटली होती.

आज हे छापील पान वाचून वाटतं, आई फारच सौम्य बोलली.